साखर तेथे मुंग्या

दिवाळी दोन-तीन महिन्यांवर आली की संपादकांचा निरोप येतो, "यंदा काहीतरी गोड लिहा." एरवी वर्षभर या पानावर मी काय लिहावे याबद्दल त्यांची तक्रार नसते. मी विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर लिहितो, शेजाऱ्यांच्या मांजरावर लिहितो, कधी कशावरही न लिहिता दोन रकाने भरून काढतो. ते सारे मुकाट्याने छापतात. पण दिवाळी अंकाची गोष्ट निराळी. चकली खुसखुशीत हवी, चिवडा खमंग हवा आणि लेख गोड हवा!

आता या सद्गृहस्थांना कसे सांगावे, की गोडाचा माझ्याइतका साठा त्यांच्या साऱ्या लेखकवर्गात कुणाजवळ नसेल! गेली सात वर्षे तो माझ्या रक्तात आहे, आणि तो कमी व्हावा म्हणून मी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेत आहे. तेव्हा यंदा त्यांचे मन मोडायचे नाही असे मी ठरवले आहे. गोडाविषयीच लिहितो. फक्त, गोड जिथे असते तिथे मागोमाग जे येते, त्याविषयीही लिहावे लागेल.

माझ्या लहानपणी आई साखरेचा डबा पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवीत असे. "साखर तेथे मुंग्या," ती म्हणे, "त्यांना आमंत्रण लागत नाही." दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका रात्री मला आईचे हे बोलणे आठवले, कारण माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना मुंग्या आल्या होत्या; आणि पायांभोवती पाण्याची ताटली काही ठेवता येत नव्हती.

तशा मुंग्या कुणाला येत नाहीत? जेवणाच्या पंगतीत तासभर मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात. आपण पाय झटकतो, चार पावले टाकतो आणि त्या निघून जातात. माझ्या या मुंग्या मात्र पाहुण्यांसारख्या आल्या आणि भाडेकरूंसारख्या राहिल्या. दिवसा कामाच्या नादात त्यांची आठवण होत नसे. रात्री पाठ टेकली की त्यांची वर्दळ सुरू होई. कधी टाचण्या टोचल्यासारखे वाटे, कधी तळपायांची अशी आग होई की ऐन थंडीत मी पांघरुणाबाहेर पाय काढून झोपू लागलो. पुढे काही आठवड्यांनी उजव्या हातानेही पायांचे अनुकरण सुरू केले. पहाटे तीनच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट मुंग्यांनी भरून जाई आणि उठून हात झाडावा लागे.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द हा माझा धंदा. मुंग्या, झिणझिण्या, शिरशिरी, टोचणी, जळजळ, या शब्दांच्या अर्थच्छटांवर मी वर्गात पाऊण तास सहज घालवीन. मुक्ताबाईंच्या अभंगातल्या मुंगीवर तर मी दरवर्षी दोन तास बोलतो. पण माझ्या अंगठ्यातल्या मुंगीविषयी मी घरात अवाक्षर काढले नाही.

का काढले नाही, ते सांगायला मला मागे जावे लागेल.

माझे एक मामा होते. चिपळूणजवळच्या एका गावात शाळामास्तर. १९९६ सालच्या दिवाळीत ते आमच्याकडे ठाण्याला आले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. मामांना साखरेचा आजार होता. पण तो त्यांनी कधी मनावर घेतला नाही. "अरे, मला होतंय कुठे काय? डोकं दुखत नाही, पाय दुखत नाहीत. दोन कोस चालून दाखवतो!" असे म्हणून ते आणखी एक करंजी उचलीत. भाऊबीजेच्या दिवशी ते आईला घेऊन दिवसभर नातेवाइकांकडे हिंडले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बूट काढला, तो मोजा रक्ताने माखलेला. बुटाच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि सकाळपासून त्यांच्या पायात रुतत होता. आईचा चेहरा उतरला. मामा मात्र हसले. म्हणाले, "बघ ताई, एवढा खिळा गेला, पण दुखलंसुद्धा नाही. देवाची कृपा!"

पौषात त्यांचे एक बोट काढावे लागले. शिमग्यापर्यंत गुडघ्याखालचा पाय गेला. पुढे कुबड्या घेऊन ते शाळेत जात राहिले, मुलांकडून पाढे म्हणून घेत राहिले. पण त्यांचे ते हसणे मी पुन्हा कधी ऐकले नाही.

म्हणून मी बोललो नाही. मला वाटले, जोवर मुंग्यांचे नाव घेतले नाही तोवर त्या नुसत्या मुंग्या आहेत. एकदा का डॉक्टरांपुढे तोंड उघडले की त्यांचा मामांचा पाय होईल. शिकलेला माणूसही अंधारात किती अडाणी होतो पहा! रात्री घरातली सारी झोपल्यावर मी काशाची वाटी आणि तूप घेऊन तळपाय घासत बसे. मेथ्या झाल्या, कारल्याचा रस झाला, बादलीभर कढत पाण्यात पाय बुडवून बसणे झाले. पांघरुणात मोबाइल घेऊन मी त्याविषयी वाचत राही, आणि जितके वाचावे तितक्या मुंग्या वाढत. सौभाग्यवतीने दोन-तीनदा विचारले, "अहो, झोप नाही का येत?" मी सांगितले, "पेपर तपासायचे राहिलेत." वीस वर्षांच्या संसारात प्राध्यापकाच्या या उत्तरावर तिने कधी शंका घेतलेली नाही.

आणि मग एक नवल घडले. पावसाळ्याच्या तोंडाला मुंग्या कमी होऊ लागल्या. आधी अंगठ्यांतल्या गेल्या, मग शेजारच्या बोटांतल्या. हाताच्या होत्या तशाच होत्या, पण पाय शांत झाले. मला झालेला आनंद कुणाला सांगता येत नव्हता, कारण दुःखच कुणाला सांगितले नव्हते. त्याच आठवड्यात कॉलेजात एका सहकाऱ्याच्या बढतीचे पेढे आले. मी एक नव्हे, दोन खाल्ले. मनात म्हटले, मेथ्या लागू पडल्या!

गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. आम्ही दोघे जांभळी नाक्यावरच्या बाजारात गेलो होतो. पणत्या, उटणे, रांगोळी, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जे जे लागते ते सारे घेतले, आणि पिशव्या सावरीत नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत शिरलो. गल्ली शांत होती. एवढ्यात मागून सायकलवरचा एक मुलगा ओरडला, "काका, तुमची चप्पल!"

मी वळून पाहिले. दहा-बारा पावलांमागे, रस्त्याच्या मधोमध, माझ्या डाव्या पायातली चप्पल एकटीच उभी होती. मी खाली पाहिले. डावा पाय उघडा होता. खडी उखडलेल्या रस्त्यावरून मी दहा-बारा पावले अनवाणी चाललो होतो, आणि ही बातमी मला माझ्या पायाने दिली नव्हती. ती एका परक्या मुलाने दिली होती.

"अहो, चप्पल निघाली ते कळलं नाही तुम्हाला?" हिने विचारले.

कवितेचा विचार करीत होतो असे मी सांगितले असते तर तिने ते खरे मानले असते. पूर्वी एकदा तिचा चष्मा लावून मी कॉलेजात गेलो आहे. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे रक्ताने माखलेला तो मोजा आला, आणि माझ्या तोंडून खरे तेच निघून गेले. "नाही कळलं," मी म्हणालो. आणि मग त्या गल्लीच्या मध्यावर, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, मी तिला दहा महिन्यांची सारी हकीकत सांगितली.

तिने काही उत्तर दिले नाही. मागे जाऊन चप्पल आणली, माझ्या पायापुढे ठेवली आणि म्हणाली, "आधी घाला. काच-बीच असेल." घरी आल्यावर पिशव्या खाली ठेवताना ती एवढेच बोलली, "दहा महिने तुम्ही मला एकटं ठेवलंत."

मला इतके दिवस वाटत होते, की एकटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेले. या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. मी नवा नवा शिकवू लागलो तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात माझ्या वर्गात होत्या. एका चाचणी परीक्षेत मी त्यांना पन्नासांपैकी बावीस गुण दिले होते आणि ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. माझे सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, "सर, बूट-मोजे काढा."

तेव्हा माझ्या लक्षात आले, की सहा वर्षे मी मधुमेहासाठी एका दवाखान्यात जात होतो. तिथे जीभ दाखवली होती, दंड पुढे केला होता, रिपोर्टांची भेंडोळी मांडली होती, पण पाय कधी दाखवले नव्हते. बूट काढा असे तिथे कुणी म्हटले नव्हते आणि मीही आपण होऊन काढले नव्हते. खरे म्हणजे मोठेपणी होणारा हा मधुमेह ज्या दिवशी सापडतो त्याच दिवशी पाय तपासायचे असतात, आणि पुढे दर वर्षी एकदा. मग पायांना काही होत असो वा नसो.

त्यांनी एक बारीकसा नायलॉनचा धागा काढला. दांडीला बसवलेला, मासे पकडायच्या दोरासारखा. तो त्वचेवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो आणि धागा वाकतो. म्हणजे भार सर्वांना सारखाच. "डोळे मिटा सर. स्पर्श झाला की 'हो' म्हणा." जन्मभर परीक्षा घेतलेला मी, डोळे मिटून परीक्षेला बसलो. थोड्या वेळाने मला शंका येऊ लागली, की बराच काळ आपण 'हो' म्हटलेले नाही. तेव्हा नापास होऊ पाहणारा विद्यार्थी जे करतो तेच मी केले. अंदाजाने 'हो' म्हटले. "सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता मी हात लावलेला नव्हता."

डाव्या पायावरच्या दहा जागांपैकी सहा मला कळल्या होत्या. वातावरण हलके करावे म्हणून मी म्हटले, "साठ टक्के! म्हणजे प्रथम श्रेणी!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या विषयात उत्तीर्ण व्हायला दहापैकी दहा लागतात, सर."

नंतर त्यांनी एक नादकाटा काढला. गाणारे लोक सूर लावायला वापरतात तसाच, पण जाड सुराचा. सेकंदाला १२८ कंपने देणारा. तो वाजवून त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." थोड्याच वेळात मी म्हटले, "थांबली." त्यांनी काही न बोलता तो उचलून माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला. तो अजून थरथरत होता! अंगठ्याला मात्र ते ऐकू येईनासे झाले होते.

'बधिर' हा शब्द संस्कृतात बहिऱ्या माणसासाठी आहे. मराठीने तो कातडीला लावला. हा शब्द मी कितीदा शिकवला असेल. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझ्या पायाला ऐकू येत नव्हते.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा जो आकडा असतो, तो सातच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते, माझा ८.६ निघाला होता. "सर," त्या म्हणाल्या, "हातपाय हा द्वंद्व समास ना? मग त्याचा विग्रह करू या. हात आणि पाय. तुमच्या हाताच्या मुंग्या आणि पायाच्या मुंग्या एक नाहीत."

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून निघून पायाच्या बोटांपर्यंत जातात. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसांना इजा होते, आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांनाही. तार जितकी लांब तितकी ती आधी निकामी होते. म्हणून हा त्रास दोन्ही पायांच्या बोटांत बरोबरीने सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर चढतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचला की मग साधारणपणे हातांच्या बोटांची पाळी येते. माझे पाय घोट्यापर्यंतही बधिर नव्हते. मग हाताला एवढ्यात मुंग्या कशा? तर तो प्रकार मनगटाचा. मनगटातल्या अरुंद वाटेत एक नस चेपली जाते आणि अंगठ्याकडच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. मधुमेही माणसांत हे जास्त आढळते, आणि त्याचा उपाय निराळा. माझ्या मनगटाला रात्री बांधायला एक पट्टा मिळाला.

तिसरा भागीदार तर माझ्या गोळीतच लपला होता. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची जुनी आणि चांगली गोळी; पण ती वर्षानुवर्षे घेतली की काही जणांच्या रक्तातले बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होते. ते जीवनसत्त्व भाजी-डाळीत नसते. आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते येते दुधा-दह्यातून, म्हणजे आधीच बेताचे. आणि ते कमी पडले तरीही हातापायांना मुंग्याच येतात! माझे बी-बारा बरेच खाली गेले होते. "गोळी बंद करायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावले, "बी-बारा भरून काढायचं." काही दिवस इंजेक्शने झाली, मग गोळ्या. साखरेमुळे झालेली इजा सगळी भरून येतेच असे नाही. साखर आटोक्यात ठेवली तर पुढची पडझड मंदावते. पण बी-बाराची उणीव वेळेवर सापडली तर भरून काढता येते. मी दहा महिने गप्प बसून मुख्यतः ही वेळ घालवली होती.

मग मी पेढ्यांची कबुली दिली. पायाच्या मुंग्या आपोआप कमी झाल्या होत्या आणि मी तो सण साजरा केला होता, हे सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"सर, मुंग्या येत होत्या तेव्हा नस कुरकुरत होती. कुरकुरणारा माणूस निदान जिवंत असतो. ती गप्प झाली, तेव्हा तर धावत यायला हवं होतं."

कधी सुधारणेमुळेही मुंग्या कमी होतात. पण सुधारली की मुकी झाली, हे तपासल्यावाचून कळत नाही. नसा बिघडलेल्या मधुमेही माणसांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना तर कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणजे माझे मामा खोटे बोलत नव्हते. त्यांचे पाय खरोखरच दुखत नव्हते. तेच तर त्यांचे दुखणे होते.

हे समजायला जगालाही वेळ लागला आहे. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यचिकित्सक होऊन गेले. त्यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. १९४६ साली ते वेल्लोरला रुजू झाले, आणि पुढे तिथे त्यांनी कुष्ठरोग्यांवर उपचार केले. तोवर समज असा होता, की कुष्ठरोगात बोटे रोगामुळेच झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर झालेल्या हातापायांना इजा कळत नाही, माणूस तशीच कामे करीत राहतो, आणि जखमा वाढत जाऊन बोटे जातात. पुढे १९६६ साली ते अमेरिकेत गेले, आणि तिथे मधुमेहाने बधिर झालेल्या पायांकडे त्यांनी याच नजरेने पाहिले. वेदना ही देणगी आहे, असे ते जन्मभर सांगत राहिले. बधिर पायांसाठी आपल्याकडे जी मऊ रबराची चप्पल मिळते, त्या विचाराचे मूळ याच कामात आहे.

आणि आपले पूर्वज? मी मराठीचा माणूस असलो तरी संस्कृताचे बोट सोडलेले नाही. घरी येऊन चरकसंहिता उघडली. निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रमेहाच्या पूर्वखुणांची यादी आहे. त्यात हातापायांची सुप्तता, म्हणजे बधिरपणा, आणि दाह आहे. आणि त्याच यादीत, रोग्याच्या शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हीही खूण आहे. बाहेरच्या मुंग्या आणि पायातला बधिरपणा, दोन्ही एकाच वाक्यात! आईचे बोलणे एवढे जुने असेल याची मला कल्पना नव्हती.

तर वाचकहो, गोड लेखाचा हा असा कारल्याचा रस झाला. पण तो पिऊन मला एक गोष्ट कळली, ती तुमच्या पदरात टाकतो. आपल्या भाषेत 'काळजी' हा एकच शब्द आहे. पण त्याला दोन क्रियापदे जोडता येतात. काळजी करता येते आणि काळजी घेता येते. मी दहा महिने काळजी केली. अंधारात, पांघरुणाखाली, एकट्याने. ती करायला फार कष्ट पडतात आणि तिचा उपयोग शून्य. काळजी घ्यायला मात्र रोजची पाच मिनिटे पुरतात, आणि ती एकट्याने घेता येत नाही. आपले तळपाय आपल्याला नीट दिसतसुद्धा नाहीत. ते दुसऱ्याने पाहावे लागतात.

आता रोज रात्री आमच्या घरी पाऊल-पाहणी असते. मी खुर्चीवर पाय लांब करून बसतो. ही चष्मा लावून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहते. चीर आहे का, फोड आहे का, कुठे लाल झाले आहे का. मी पायाला खोबरेल लावतो, पण बेचक्यांत नाही. तिथे ओल राहता कामा नये. काशाची वाटी माळ्यावर गेली नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलक्या हाताने घासा हवी तर. तेवढ्या निमित्ताने तळवा पाहिला जातो." बादलीतले कढत पाणी मात्र कायमचे बंद. पाणी किती गरम आहे हे पायाला विचारायचे नाही, कोपराला विचारायचे. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा, खिळा चाचपायचा. बूट घ्यायचे ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. घरातही अनवाणी चालायचे नाही. देवळात चप्पल काढावी लागते, तेव्हा भर दुपारी तापलेल्या फरशीवर जायचे नाही. देव सकाळीही भेटतो. आणि जखम, मग ती दुखो वा न दुखो, दिसली की त्याच दिवशी दाखवायची. एकच पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला, तरी तेच. एकाच बाजूचा हात-पाय एकाएकी बधिर झाला किंवा तोंड वाकडे झाले, तर त्या मुंग्या या जातीच्या नव्हेत. तडक मोठे इस्पितळ गाठायचे.

वर्षभरात माझा तो आकडा ७.१ वर आला आहे. हाताच्या मुंग्या गेल्या. पायाच्या थोड्या परत आल्या आहेत! पहिल्या रात्री त्या आल्या तेव्हा मी हिला उठवून सांगितले, "अगं, आल्या बरं का." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा धागा लावून पाहिला. डाव्या पायाला दहांपैकी सात. "पुढच्या वर्षी पुन्हा बसा," त्या म्हणाल्या. इतक्या सावकाश प्रगती करणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्वतः काय म्हटले असते, ते इथे लिहीत नाही. आग फार झाली तर त्यावरही गोळ्या आहेत. पण त्या मुंग्यांना झोपवतात, नस दुरुस्त करीत नाहीत. सध्या तरी मला त्यांची गरज नाही. जाग्या असलेल्या बऱ्या.

आम्ही मूळचे कोकणातले. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, हा आमच्या घरचा रिवाज. गेल्या वर्षी त्या चप्पल-प्रकरणाला पुरते पंधरा दिवस झाले नव्हते. अंघोळीचे पाणी हिने आधी स्वतः हात घालून पाहिले. मग तुळशीपुढे कारीट ठेवले. मी त्यावर अंगठा टेकवला आणि दाबला. फुटल्याचा आवाज कानांनी ऐकला. अंगठ्याला ते कळले की नाही, याची मला खात्री देता येईना. पूर्वीचा मी असतो तर अंदाजाने 'हो' म्हटले असते.

"फुटलं का?" मी विचारले.

"फुटलं," ही म्हणाली. खाली वाकून तिने माझा अंगठा पदराने पुसला, उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाली, "काही लागलेलं नाही. आता चप्पल घाला."

यंदाही कारीट आणायचे आहे. तेवढे कडू मला चालते.